दत्तप्रभूंच्या पायाशी श्वानच का?

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

मार्गशीर्ष पौर्णिमा जवळ आली की देवघरातली दत्ताची तसबीर खाली उतरते, काच पुसली जाते, नवा हार चढतो. घरात लहान नातवंड असेल तर ते हटकून विचारते, "आजोबा, देवाजवळ कुत्री कशाला?" आपले उत्तर तयार असते. ते चार श्वान म्हणजे चार वेद, आणि मागची गाय म्हणजे पृथ्वी, किंवा कामधेनू. आपल्या वडिलांनी आपल्याला हेच सांगितले आणि त्यांना त्यांच्या वडिलांनी.

उत्तर बरोबरच आहे. पण नातवंड हुशार निघाले आणि पुढचा प्रश्न आला, "मग वेद कुत्र्यांच्याच रूपात का? हंस का नाहीत? चार गायी का नाहीत?" तर आपण बहुतेक "जा, खेळ जा" म्हणून मोकळे होतो. या लेखात त्या दुसऱ्या प्रश्नाकडे जायचे आहे. त्यासाठी थोडे बाहेरच्या देशांतही डोकावू, कारण देवाजवळ प्राणी दाखवण्याची चाल सगळ्या जगात आहे, आणि शेजाऱ्याचे घर पाहिले की आपल्या घराची रचना जास्त नीट कळते.

आधी तसबीर नीट पाहू या. चित्रात एखादा प्राणी दिसला की तो कोणता आहे याइतकेच तो कुठे आहे हे महत्त्वाचे असते. महादेवाचा नंदी, विष्णूचा गरुड, गणपतीचा उंदीर ही वाहने. देव त्यांच्यावर बसतो. महिषासुरमर्दिनीच्या पायाखालचा रेडा हा शत्रू. आणि दत्तप्रभूंचे काय? ते गायीवर बसलेले नाहीत, श्वानांवर तर नाहीतच. गाय मागे उभी आहे, श्वान पायांशी घोटाळताहेत, कुणी मान वर करून मुखाकडे पाहतो आहे. म्हणजे ही वाहने नव्हेत. ही सोबत आहे. रानातून, गावागावांतून फिरणाऱ्या माणसाच्या मागे जशी जनावरे आपोआप लागतात, तशी. आपल्या परंपरेत दत्तप्रभू काशीला स्नान करतात, कोल्हापूरला भिक्षा मागतात, माहूरला निद्रा घेतात. रोज एवढी पायपीट करणाऱ्या अवधूताला सिंहासन कशाला आणि वाहन तरी कशाला?

दत्तभक्तीच्या आपल्या मोठ्या स्थानांवर मात्र हे प्राणी पूजेत नाहीत. नरसोबावाडीला मनोहर पादुका, औदुंबरला विमल पादुका, गाणगापूरला निर्गुण पादुका. सगळीकडे पूजा पादुकांची. गिरनारच्या शिखरावरही पादुकाच. बदामीला चालुक्यांच्या काळातली एक मूर्ती आहे, तिला अभ्यासक दत्तात्रेयाची म्हणतात. तिथे देव योगासनात बसलेला आहे आणि खाली पीठावर हंस, गरुड आणि नंदी कोरलेले आहेत. ब्रह्मा, विष्णू, महेश या तिघांची ही तीन वाहने, म्हणजे तीन देव एकवटले आहेत याची खूण. पुढे तीन मुखे आली, तेव्हा ती खूण मुखांनीच दाखवली जाऊ लागली, आणि आपल्या ओळखीच्या चित्रात हंस, गरुड, नंदी यांच्या जागी गाय आणि श्वान आले. घराघरांत हे रूप ठसले ते छापील तसबिरींमुळे. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून निघालेल्या देवादिकांच्या तसबिरींनी महाराष्ट्रातल्या भिंती भरून गेल्या. आपल्या आजीच्या देवघरातली दत्ताची तसबीर त्याच वळणाची असणार.

थोडक्यात, तीन थोर वाहने गेली आणि त्यांच्या जागी एक गाय व चार कुत्री आली. हा बदल साधा नाही. गाय ठीक, ती पूज्यच. पण कुत्रा?

ज्यांच्या काळात हे रूप घडले त्या लोकांच्या मनात कुत्र्याला काय स्थान होते, ते विसरून चालणार नाही. आज शहरांत कुत्रा सोफ्यावर बसतो. जुन्या धर्मशास्त्रात तो अपवित्र. श्राद्धाच्या अन्नावर त्याची दृष्टी पडली तरी ते अन्न बाद. समाजाने शिवेबाहेर ठेवलेल्या माणसांना 'श्वपाक', म्हणजे कुत्रे शिजवून खाणारे, असे हिणवून म्हणत. तेव्हा कुत्रा म्हणजे ज्याच्या खाली कुणी नाही असा प्राणी. सगळ्यांत पवित्र मानलेला वेद आणि सगळ्यांत अपवित्र मानलेला प्राणी यांची गाठ ज्याने कुणी पहिल्यांदा घातली, त्याने ती नजरचुकीने घातलेली नाही. 'श्वान म्हणजे वेद' एवढेच पाठ केले की ही गाठ दिसेनाशी होते. चित्र गुळगुळीत होते आणि आपण समाधानाने आरती लावतो.

हे श्वान म्हणजे आवरलेल्या वासना, किंवा इंद्रिये, असाही अर्थ कधी कधी सांगितला जातो. मला तो पटत नाही. वासना आवरल्या हे दाखवायचे असते तर गळ्यात साखळी तरी दिसली असती. या श्वानांच्या गळ्यात काही नाही. ते आपल्या मर्जीने आले आहेत.

आता वेदांकडेच जाऊ. वेदांत कुत्रा कुठे येतो हे पाहिले की आश्चर्य वाटते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात १०८ वे सूक्त सरमेचे आहे. सरमा ही इंद्राची कुत्री. पणी नावाच्या लोकांनी गायी चोरून रसा नदीच्या पलीकडे डोंगरात कोंडल्या. त्यांचा माग काढत सरमा तिथवर एकटी गेली. पणींनी तिला लालूच दाखवली, इथेच राहा, आम्ही तुला बहीण मानतो, गायींतला वाटा देतो. ती बधली नाही. तिने इंद्राचा निरोप सांगितला आणि गायी सुटण्याची वाट मोकळी झाली. आता हे पाहा, संस्कृतात 'गो' म्हणजे नुसती गाय नव्हे. वैदिक शब्दांचा जुना कोश निघंटू, त्यात 'गो' हे पृथ्वीचे नाव आहे आणि वाणीच्या नावांतही ते आहे. हरवलेली गाय शोधते ती कुत्री. दत्ताच्या तसबिरीत गाय आणि श्वान एकत्र दिसले की मला सरमा आठवते. चित्रकाराच्या मनात ती होती असे माझे म्हणणे नाही, पण पाहणाऱ्याच्या मनात ती यायला काय हरकत आहे?

छांदोग्य उपनिषदात याहून नवलाची गोष्ट आहे. पहिल्या अध्यायाच्या बाराव्या खंडात बक दाल्भ्य नावाचा ऋषी स्वाध्यायासाठी गावाबाहेर जातो. तिथे त्याला एक पांढरा कुत्रा दिसतो. बाकीची कुत्री त्याच्याभोवती जमतात आणि म्हणतात, आम्ही भुकेले आहोत, आमच्यासाठी गाऊन अन्न मिळवून दे. तो त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी तिथेच बोलावतो. सकाळी ती सगळी येतात, यज्ञात सामगान करणारे ऋत्विज एकामागे एक धरून चालतात तशी चालतात, बसतात आणि ओंकार लावून गातात. काय गातात? खायला मिळो, प्यायला मिळो. काही विद्वानांना यात पुरोहितांची थट्टा दिसते. आचार्यांच्या भाष्यात मात्र हा पांढरा कुत्रा म्हणजे ऋषीच्या स्वाध्यायाने संतुष्ट होऊन त्या रूपात आलेली देवता किंवा ऋषी. काहीही माना, साम गाणारे श्वान खुद्द सामवेदाच्या उपनिषदात आहेत. श्वानाच्या मुखी वेद ही कल्पना कुणा अलीकडच्या चित्रकाराने काढलेली नाही.

महाभारत तर कुत्र्याच्या दोन गोष्टींमध्ये बसवल्यासारखे आहे. शेवटची सगळ्यांना माहीत आहे. हस्तिनापुरातून निघालेला कुत्रा युधिष्ठिराच्या मागे स्वर्गाच्या दारापर्यंत जातो, इंद्र म्हणतो कुत्र्याला आत जागा नाही, युधिष्ठिर म्हणतो मग मलाही नको, आणि तो कुत्रा साक्षात धर्म निघतो. सुरुवातीची गोष्ट मात्र कुणी फारशी सांगत नाही. आदिपर्वाच्या आरंभीच, पौष्यपर्वात, जनमेजय राजा कुरुक्षेत्रावर सत्र करतो आहे. तिथे सरमेचे पिल्लू येते. राजाचे भाऊ त्याला मारतात. ते रडत आईकडे जाते. आई म्हणते, तू काहीतरी आगळीक केली असशील. पिल्लू म्हणते, मी हवी चाटला नाही, त्याकडे पाहिलेसुद्धा नाही. मग सरमा यज्ञमंडपात येते आणि विचारते, माझ्या लेकराने काही केले नसताना त्याला का मारले? कुणी उत्तर देत नाही. ती शाप देते, ज्याने अपराध केला नाही त्याला तुम्ही मारलेत, तुमच्यावर न दिसणारे भय येईल. राजा हादरतो आणि त्या शापाच्या शमनासाठी पुरोहित शोधत फिरतो.

यज्ञाच्या जागी विनाकारण मार खाल्लेले पिल्लू सुरुवातीला, आणि स्वर्गाच्या दारात अडवलेला कुत्रा शेवटी. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच आहे, पवित्र जागेत याला जागा आहे की नाही. पहिल्या वेळी माणसे चुकली, दुसऱ्या वेळी एक माणूस चुकला नाही. आपल्या देवळांच्या आवारात उत्सवाच्या दिवसांत काठी घेऊन कुणाला तरी उभे करतात. प्रसादाच्या पंगतीत कुत्री शिरू नयेत ही व्यवस्था हवीच, त्यात दुमत नाही. पण गाभाऱ्यात वेद म्हणून ज्याला नमस्कार करायचा, त्याच्याच जातभाईला दारात वळ उठेपर्यंत मारायचे, हे पाहिले की जनमेजयाचे भाऊ आठवतात.

आता जरा परदेशी जाऊ. ख्रिस्ती लोकांच्या धर्मग्रंथात येशूचे चरित्र सांगणारी चार शुभवर्तमाने आहेत, मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांची. या चार लेखकांसाठी त्यांच्या कलेत चार खुणा ठरलेल्या आहेत. मत्तयासाठी माणूस, मार्कासाठी सिंह, लूकसाठी बैल, योहानासाठी गरुड, आणि चौघांनाही पंख. चार ग्रंथ, चार रूपे! सुमारे इ.स. ८०० च्या सुमारास तयार झालेली 'केल्सचा ग्रंथ' नावाची सुंदर हस्तलिखित पोथी डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात जपून ठेवली आहे. तिच्या एका पानावर चार चौकटींत ही चार रूपे रंगवलेली आहेत. व्हेनिस शहरातला पंखवाला सिंह चित्रांत पाहिला असेल, तोही मार्काचाच. खुणांची कारणेही त्यांच्या आचार्यांनी सांगून ठेवली आहेत. मार्काची सुरुवात रानात घुमणाऱ्या हाकेने होते, म्हणून सिंह. लूकची सुरुवात मंदिरातल्या याजकापासून होते, बैल हा बळीचा पशू, म्हणून बैल. योहान एकदम उंच तत्त्वज्ञानातून सुरू करतो, म्हणून गरुड. मत्तय वंशावळीपासून सुरू करतो, म्हणून माणूस.

पद्धत आपल्यासारखीच दिसते, पण फरक पाहा. त्यांनी प्रत्येक ग्रंथाला वेगळे रूप दिले आणि पशुपक्षी निवडले तेही थोर. वनराज, पक्षिराज, बळीचा बैल. आपल्याकडे चारही वेदांना एकच प्राणी दिला, रंग तेवढे वेगळे. आणि तोही सिंह नाही, गरुड नाही. यावरून कुणाची पद्धत श्रेष्ठ हे ठरवायचे नाही. त्यांना ग्रंथाचे तेज दाखवायचे होते. आपल्याला काहीतरी वेगळे दाखवायचे असावे.

त्यांच्याकडेही एका ठिकाणी धर्मरक्षक म्हणून कुत्रा आलेला आहे. डॉमिनिक नावाच्या संताच्या आईला स्वप्नात तोंडात मशाल धरलेला कुत्रा दिसला अशी कथा आहे. त्याच्या पंथाच्या नावावर लॅटिनमध्ये श्लेष करून त्या साधूंना 'प्रभूचे कुत्रे' म्हणू लागले. त्यांचा वेष काळा-पांढरा. फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोव्हेला या मठात आंद्रेआ दी बोनाय्यूतो याने १३६५ ते १३६७ च्या सुमारास भिंतीवर मोठे चित्र काढले. त्यात काळे-पांढरे कुत्रे मेंढरांची राखण करतात आणि लांडग्यांवर तुटून पडतात. मेंढरे म्हणजे भक्त, लांडगे म्हणजे पाखंडी. हा कुत्रा इमानी आहे, पण भांडखोर आहे. आपल्या तसबिरीतले श्वान कुणावर भुंकत नाहीत.

मिसर देशात अनुबिस नावाचा देव, डोके कोल्ह्याकुत्र्यासारखे, रंग काळा. मेलेल्या माणसाच्या देहाचे जतन तो करतो आणि परलोकात त्याच्या हृदयाचे वजन करताना तराजूजवळ असतो. वाळवंटाच्या कडेला थडग्यांभोवती कोल्हीकुत्री हिंडत, त्यांनाच लोकांनी थडग्यांचे राखणदार केले. आपले पारशी बांधव याहून जवळचे. त्यांच्यात मृतदेहाला कुत्र्याची नजर घालण्याचा विधी आहे, त्याला 'सगदीद' म्हणतात. डोळ्यांवर दोन ठिपके असलेला, म्हणजे 'चार डोळ्यांचा' कुत्रा त्यासाठी उत्तम मानतात. आणि ऋग्वेदात यमाचे दोन कुत्रे येतात, सरमेचे वंशज, पुढे श्याम आणि शबल म्हणून ओळखले जाणारे. त्यांनाही 'चार डोळ्यांचे' म्हटले आहे! इराण आणि भारत वेगळे होण्यापूर्वीचे काहीतरी या दोन ठिपक्यांत शिल्लक आहे. मुसलमानांच्या कुराणातही गुहेत दीर्घकाळ झोपलेल्या भक्तांची कथा आहे, आणि त्यांचा कुत्रा उंबऱ्यात पुढचे पाय पसरून बसलेला आहे. कुत्रा अपवित्र मानणाऱ्या धर्मातही त्या एका कुत्र्याला मान आहे.

हे सगळे एकत्र ठेवले की एक गोष्ट दिसते. देश कोणताही असो, कुत्रा उंबऱ्यावर असतो. घर आणि रान यांच्या मध्ये, जिवंत आणि मृत यांच्या मध्ये, आत घ्यावा की बाहेर ठेवावा अशा जागी. काशीचा कोतवाल कालभैरव, त्याचे वाहन कुत्रा. आपल्या खंडोबाच्या टाकावरही घोड्याबरोबर कुत्रा असतो. रक्षक तो, पण दाराबाहेरचा.

दत्तसंप्रदायाने या दाराबाहेरच्याला पायाशी घेतले. का घेतले, याचे उत्तर मला तीन-चार कथांत सापडते, आणि त्या सगळ्या आपल्या ओळखीच्या आहेत.

पहिली कथा शंकराचार्यांची. काशीत आचार्य गंगेकडे चालले आहेत. समोरून चार कुत्री घेऊन एक चांडाळ येतो. आचार्य त्याला बाजूला हो म्हणतात. तो विचारतो, कुणी बाजूला व्हायचे? या देहाने की आतल्या आत्म्याने? देह तुझा आणि माझा अन्नाचाच, आणि आत्मा तर एकच. आचार्य त्याला गुरू म्हणून वंदन करतात. तो चांडाळ म्हणजे प्रत्यक्ष विश्वनाथ, आणि ती चार कुत्री म्हणजे चार वेद. दत्ताच्या तसबिरीतले श्वान आणि काशीच्या रस्त्यावरचे हे श्वान एकाच घरचे आहेत असे मला वाटते. तिथे वेद कुणाच्या मागे चालले होते ते लक्षात घ्या. ज्याला 'बाजूला हो' म्हटले, त्याच्या.

दुसरी श्रीगुरुचरित्रातली. सप्ताहात आपण २५ ते २८ हे अध्याय दरवर्षी वाचतो. वेदांचा गर्व झालेले ब्राह्मण त्रिविक्रम भारतींना घेऊन श्रीगुरूंकडे वाद घालायला येतात. २६ व्या अध्यायात श्रीगुरू त्यांना वेद किती अफाट आहे ते सांगतात, पण गर्व काही उतरत नाही. मग ते रस्त्याने जाणाऱ्या एका माणसाला बोलावतात, त्या काळी ज्याची सावलीही टाळत अशा. जमिनीवर दंडाने सात रेषा काढतात आणि एकेक ओलांडायला सांगतात. प्रत्येक रेषेबरोबर त्याला मागचा एकेक जन्म आठवतो आणि सातव्या रेषेनंतर तो वेद म्हणू लागतो. गर्विष्ठांची बोलती बंद होते. पारायणात आपण हा अध्याय घाईने वाचून पुढे भस्ममाहात्म्याकडे जातो, पण दत्ताच्या चित्रातला श्वान समजायचा असेल तर इथे थांबले पाहिजे. ज्याला हीन म्हटले त्याच्याच मुखातून वेद, असा हा प्रसंग आहे, आणि चित्रात तेच रंगाने सांगितले आहे.

पैठणला ज्ञानेश्वर माउलींनी रेड्यामुखी वेद वदवले, ती कथाही याच कुळातली. म्हणणारा तिथे रेडा. सभा मात्र तशीच, वेद आपल्याच मालकीचा समजणाऱ्यांची.

आणि नाथांची कथा. जनार्दनस्वामी एकनाथांना दत्तदर्शनासाठी नेतात. समोर येतो मलंग, फकिरी वेष, बरोबर एक कुत्री. मलंग कुत्रीचे दूध काढतो, त्यात भाकरी कुस्करतो आणि जनार्दनस्वामी त्याच्यासोबत ते खातात. कोवळ्या नाथांच्या मनाची काय अवस्था झाली असेल! पुढे कळते की मलंग हे दत्तप्रभू आणि ती कुत्री म्हणजे कामधेनू. या कथेत गाय आणि कुत्री दोन राहिलेच नाहीत. तसबिरीत मागे उभी असलेली गाय आणि पुढे बसलेला श्वान यांच्यातले अंतर मलंगाने पुसून टाकले. याच नाथांनी पुढे रामेश्वराला न्यायचे गंगेचे पाणी तहानलेल्या गाढवाला पाजले, हे शाळेच्या पुस्तकात आपण सर्वांनी वाचले आहे. नामदेवांचे कुत्रे भाकरी घेऊन पळाले तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन मागे धावले, हेही.

गीतेच्या पाचव्या अध्यायात भगवंत ज्ञानी माणसाची खूण सांगतात. विद्या आणि विनय असलेला ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि श्वपाक, या सगळ्यांकडे तो एकाच दृष्टीने पाहतो. नावांचा क्रम पाहा, गायीनंतर हत्ती आणि लगेच कुत्रा. तसबिरीत हत्ती नाही, एवढेच. गाय आहे, कुत्रा आहे, ब्रह्मज्ञानी अवधूत आहे, आणि भिक्षेची झोळी आहे. तो श्लोक चित्रात उतरवायचा झाला तर याहून वेगळे काय काढणार?

एक शंका मात्र राहते. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले २४ गुरू सांगतो. त्यांत कबूतर आहे, अजगर आहे, पतंग, भुंगा, हत्ती, हरीण, मासा, कुरर पक्षी, साप, कोळी, कुंभारीण माशी, इतके सगळे आहेत. कुत्रा नाही! गायसुद्धा नाही! असे का असावे? मला वाटते, गुरू हा थोडा लांबून पाहायचा असतो. अजगराकडून काय शिकायचे ते त्याच्याकडे पाहून शिकले की झाले, त्याला घरी आणायची गरज नाही. कुत्रा आणि गाय ही घरची, रोज घास मागणारी. त्यांच्याकडून शिकायचे नसते, त्यांना द्यायचे असते.

देण्याची ही रीत आपल्या घरात आजही आहे, फक्त ती तसबिरीला जोडून कुणी सांगत नाही. श्राद्धाच्या दिवशी पंचबली काढतात, गाय, कुत्रा, कावळा, देव आणि मुंग्या यांच्यासाठी पाच घास. कुत्र्याचा घास ठेवताना यमाच्या घरच्या त्या दोघांचे, श्याम आणि शबल यांचे, स्मरण करतात. ज्या शास्त्राने श्राद्धाच्या अन्नावर कुत्र्याची दृष्टी वर्ज्य केली, त्याच शास्त्राने त्या अन्नातला घास त्याच्यासाठी आधी बाजूला काढायला लावला. दक्षिणेत याच्याही पुढे गेलेले लोक होते. कर्नाटकात आतकूर गावी इ.स. ९४९-५० च्या सुमारास एक वीरगळ उभारला गेला, काली नावाच्या शिकारी कुत्र्याचा. रानडुकराशी झुंजताना दोघेही मेले. मालकाने तिथे दगड उभा केला, पूजेसाठी जमीन लावून दिली, आणि त्या दगडाची पूजा न करता जेवणाऱ्या पुजाऱ्याला पाप लागेल असे शिलालेखात कोरून ठेवले.

आपल्या घरी पान वाढून होते, पाच घास काढले जातात. गायीचा घास दारात आलेल्या गायीला मिळतो, कावळ्याचा गच्चीवर जातो. कुत्र्याचा मात्र बरेचदा पानावर तसाच सुकतो, कारण सकाळी सडा घालताना त्याला आपणच गल्लीच्या टोकापर्यंत हाकलून आलेलो असतो.